गोवंडीतल्या आज्यांनी व्यायाम कुठे करायचा? मोफत वर्गांचं गणित नेमकं अडतं कुठे, समजून घेऊ

देशातल्या ज्येष्ठांची तब्येत कशी आहे, याचा सगळ्यात मोठा हिशोब गोवंडीतून मांडला गेलाय. ऐकून आश्चर्य वाटेल, पण हे खरंय.

गोवंडी स्टेशन रोडवर देवनारमध्ये आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला आयआयपीएस म्हणतात. १९५६ साली सुरू झालेली ही संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. याच संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांसोबत 'लासी' नावाचा अभ्यास हाती घेतला. लासी म्हणजे भारतातल्या वृद्धत्वाचा दीर्घकालीन अभ्यास. २०१७-१८ मध्ये त्याची पहिली फेरी झाली, देशभरातल्या ७२ हजारांहून जास्त लोकांची माहिती गोळा झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये अहवाल आला.

आता याच स्टेशनवरून रूळ ओलांडून दुसऱ्या बाजूला जा. शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर लागतं. त्यापलीकडे १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेणारं देवनारचं डम्पिंग ग्राउंड. अहवालात ज्या म्हाताऱ्या माणसांविषयी लिहिलंय, तशीच माणसं इथे राहतात. पण त्यांनी सकाळी अर्धा तास हातपाय हलवायचे म्हटलं तरी जागा सापडत नाही.

व्यायाम हा खरंतर सगळ्यात स्वस्त उपाय. मग जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज आहे, तिथेच तो पोहोचत का नाही? एकेक मुद्दा बघू.

आकडे काय सांगतात?

लासीचा अहवाल आला तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्यातल्या काही गोष्टी ठळकपणे मांडल्या होत्या. साठीपुढच्या २७ टक्के लोकांना एकापेक्षा जास्त आजार आहेत. ४० टक्के लोकांना कोणतं ना कोणतं अपंगत्व आहे. २० टक्के लोकांना मानसिक आरोग्याच्या तक्रारी आहेत.

मुंबईपुरतं बोलायचं तर महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये एक सर्वेक्षण केलं. त्यात ३४ टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला निघाला आणि १८ टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर जास्त निघाली.

गोवंडी ज्या एम पूर्व विभागात येतं, तिथली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८ लाखांवर होती. या विभागाविषयी एक आकडा सोशल मीडियावर सतत फिरतो: 'गोवंडीत माणूस सरासरी ३९ वर्षंच जगतो.' हा आकडा आला कुठून? २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात एम पूर्व विभागातलं मृत्यूचं सरासरी वय ३९.४ वर्षं दिलं होतं. पण मृत्यूचं सरासरी वय आणि सरासरी आयुर्मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या वस्तीत तरुण आणि लहान मुलं जास्त आहेत आणि बालमृत्यूही जास्त आहेत, तिथे मृत्यूचं सरासरी वय आपोआप खाली येतं. म्हणजे गोवंडीत म्हातारी माणसं नाहीतच, असा त्याचा अर्थ होत नाही. पण शहराच्या धोरणात ती जणू नाहीतच असं धरलं जातं, ही वेगळी गोष्ट.

'आयुष्यभर कामच केलंय, आता व्यायाम कशाला?'

हा प्रश्न तुम्ही आपल्या घरातही ऐकला असेल. गोवंडीत तर तो जास्तच ऐकू येईल. इथली जुनी पिढी मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारच्या खेड्यांतून आलेली. कुणी दुष्काळात गाव सोडलं, कुणी कामाच्या शोधात. गावाकडे शेतात आणि विहिरीवर, मुंबईत आल्यावर नाक्यावर, जरीच्या कारखान्यात, कचरा वेचायला, चार घरची धुणीभांडी करायला. शरीर आयुष्यभर राबलंच आहे.

पण राबणं आणि व्यायाम या दोन गोष्टी शरीर वेगळ्या पद्धतीने घेतं. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या १ लाख ४ हजारांहून जास्त लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की फावल्या वेळात शारीरिक हालचाल करणाऱ्यांना हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी होता. मात्र ज्यांचं कामच अंगमेहनतीचं होतं, त्यांच्यात तो धोका उलट जास्त होता.

असं का? संशोधक काही कारणं सुचवतात. कामात तीच हालचाल तासन्‌तास होते. रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो. दमलं म्हणून थांबता येत नाही आणि विश्रांतीही पुरेशी मिळत नाही. व्यायाम थोडा वेळ चालतो, त्यात वेगवेगळे स्नायू वापरले जातात, मध्ये थांबता येतं आणि नंतर शरीर भरून निघतं. पंधरा वर्षं वाकून कचरा वेचणाऱ्या बाईची कंबर मजबूत होत नाही, झिजते.

खेड्यातलं चित्रही फार वेगळं नाही. पुणे जिल्ह्यातल्या वढू इथे केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पन्नाशीपुढच्या ग्रामीण लोकांचा अभ्यास केला होता. त्यात बायकांनी पुरुषांपेक्षा स्वतःची तब्येत वाईट असल्याचं आणि रोजची कामं जड जात असल्याचं सांगितलं. शेतात दोघंही राबतात. त्यावर घरकाम बाईच्याच वाट्याला येतं.

या वयात स्नायू खरंच बळकट होतात का?

होतात. आणि याचा पुरावा चांगलाच भक्कम आहे.

१९९० मध्ये अमेरिकेत बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात एक छोटा प्रयोग झाला. सहभागी लोकांचं सरासरी वय ९० होतं. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. माणसं मोजकी होती, पण नव्वदीतसुद्धा स्नायू प्रतिसाद देतात हे त्यातून समोर आलं.

पुढे २०१४ मध्ये 'लाइफ' नावाच्या अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष आले. ७० ते ८९ वयाचे, बैठं आयुष्य जगणारे १,६३५ लोक. अर्ध्यांना नियमित व्यायाम दिला, अर्ध्यांना आरोग्याविषयी माहितीचे वर्ग. सरासरी अडीच वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा झाला. साधारण ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावण्याचा धोका व्यायामाच्या गटात १८ टक्क्यांनी कमी निघाला.

४०० मीटर म्हणजे किती? बैंगनवाडीतल्या एखाद्या आतल्या गल्लीतून मुख्य रस्त्यावर रिक्षा पकडायला जाणं. तेवढं चालता येणं थांबलं की दवाखाना, रेशन दुकान, बँक, सगळ्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं.

तिसरा मुद्दा पडण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे मरतात आणि यातले ८० टक्क्यांहून जास्त कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले असतात. कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये १०८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. व्यायामामुळे ज्येष्ठांच्या पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं, असा निष्कर्ष निघाला.

गोवंडीत पडायला जागा कमी नाहीत. पोटमाळ्यावर जाणारी उभी लोखंडी शिडी. गल्लीत गटारावर टाकलेल्या हलत्या लाद्या. रात्री घराबाहेरच्या सार्वजनिक शौचालयापर्यंतची वाट आणि तिथे उकिडवं बसून उठणं. मांडीत ताकद नसेल तर यातली प्रत्येक गोष्ट धोक्याची.

मग रोज चाललं तर पुरेसं नाही का?

चालणं चांगलंच. हृदयाला, साखरेला, मनाला फायदा होतो. पण दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण: फक्त चालण्याने पडणं टळतं, याचा ठोस पुरावा कॉक्रेनच्या अभ्यासातही मिळाला नाही. जे व्यायाम तोलाला आणि रोजच्या हालचालींना आव्हान देतात, ते कामी येतात. एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, टाचा-चवडे उचलणं, एकापुढे एक पाऊल टाकत चालणं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ च्या पुढच्या लोकांसाठी दोन गोष्टी सांगितल्यात. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि त्यातले किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम.

दुसरी अडचण हवेची. लंडनमध्ये साठीपुढच्या ११९ लोकांवर झालेला एक अभ्यास २०१७ च्या अखेरीस 'लॅन्सेट'मध्ये आला. तेच लोक एकदा हाइड पार्कमध्ये दोन तास चालले आणि एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीट या वाहनांच्या धुराने भरलेल्या रस्त्यावर. बागेत चालल्यावर फुप्फुसं आणि रक्तवाहिन्या यांच्यात जी सुधारणा दिसली, ती धुराच्या रस्त्यावर बरीचशी नाहीशी झाली.

आता गोवंडीत चालायला जागा म्हणून काय आहे? घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता. बाजूला डम्पिंग, जिथे जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर अर्ध्या मुंबईने अनुभवला. शिवाय रुग्णालयांचा कचरा जाळणारा प्रकल्प, जो दुसरीकडे हलवण्याचे निर्देश मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिले होते. 'रोज सकाळी फिरायला जा' हा डॉक्टरांचा सल्ला इथे अर्धाच लागू पडतो.

मोफत वर्ग आहेत ना मुंबईत?

आहेत. किंबहुना ज्येष्ठांनी एकत्र जमून काहीतरी करण्याची परंपरा या उपनगरांत जुनी आहे. जगभर पसरलेला हास्य क्लब सुरू झाला तो अंधेरीतच. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी लोखंडवालातल्या एका बागेत पाच जणांना घेऊन तो सुरू केला.

महापालिकेने २०२२ मध्ये 'शिव योग केंद्रं' सुरू केली. कल्पना सोपी. किमान ३० जणांचा गट जमवा, जागा दाखवा, प्रशिक्षक महापालिका देईल. शिकणाऱ्याला एक रुपयाही खर्च नाही.

योजना चांगली आहे. पण तिच्या अटीतला एक शब्द नीट वाचा: जागा.

लोखंडवालात बाग आहे. मुलुंड, बोरिवलीत सोसायटीचं सभागृह आहे, गच्ची आहे, ज्येष्ठ नागरिक संघाचं कार्यालय आहे. तिथे ३० जण जमवणं हे आठवड्याभराचं काम. मुंबईत माणशी मोकळी जागा मुळातच एक-सव्वा चौरस मीटरच्या आसपास. केंद्राच्या नगररचनेच्या मार्गदर्शक सूचना १० ते १२ चौरस मीटर म्हणतात. त्यातही ही जागा शहरभर सारखी वाटलेली नाही. गोवंडीच्या झोपडपट्ट्यांत घराला लागून घर आहे.

मग पुनर्वसनाच्या इमारती? रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांत घरं गेलेल्यांना नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड अशा ठिकाणी २२५ चौरस फुटांच्या खोल्या मिळाल्या. इमारती इतक्या जवळ की खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा पोहोचत नाही. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासाने इथल्या क्षयरोगाचा संबंध याच कोंदटपणाशी जोडला होता. अशा खोलीत चटई अंथरून व्यायाम करायचा तर आधी बाकीच्यांना बाहेर काढावं लागेल. आणि लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं कित्येक दिवस खाली उतरत नाहीत.

म्हणजे नियम सगळ्यांना सारखाच आहे. पण ज्याच्याकडे आधीच जागा आहे, त्यालाच तो वापरता येतो. सरकारी योजनांत ही गोष्ट वारंवार दिसते. मागणी करा, मग देऊ. मागणी करण्याची ऐपत ज्यांची नसते, ते यादीत येतच नाहीत.

पैसा कशावर खर्च होतो?

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षांवरच्या, वर्षाला २ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या व्यक्तीला एकदाच ३,००० रुपये. त्यातून चष्मा, काठी, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा असं साहित्य घ्यायचं. योगोपचाराचाही त्यात उल्लेख आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून केंद्राने ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेतून ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार लागू केले.

दोन्ही योजना उपयोगाच्या आहेत, त्यावर वाद नाही. पण क्रम बघा. गुडघा गेल्यावर पट्टा मिळतो. पडून खुब्याचं हाड मोडल्यावर शस्त्रक्रिया होते. पडू नये म्हणून आठवड्यातून तीनदा लागणारा वर्ग मात्र ज्याने त्याने जागा शोधून भरवायचा.

जपानने काय वेगळं केलं?

जपानमध्ये कोची नावाचं शहर आहे. आजूबाजूला खेडी, तरुण मंडळी मोठ्या शहरांत गेलेली, मागे म्हातारे राहिलेले. आपल्या कोकणासारखंच. २००२ मध्ये तिथल्या पालिकेने एक व्यायामप्रकार तयार केला. 'शंभरीपर्यंत टवटवीत' असं काहीसं त्याचं नाव.

त्यात खास असं काही नाही, आणि तेच त्याचं बलस्थान. खुर्चीत बसायचं. मनगटाला आणि घोट्याला छोटं वजन बांधायचं. वजन शून्यापासून २.२ किलोपर्यंत, दहा टप्प्यांत वाढवता येतं. व्हिडिओ लावायचा, आकडे मोठ्याने मोजत हातपाय सावकाश उचलायचे. साधारण अर्धा तास.

वर्ग लोकच चालवतात. पालिका सुरुवातीला शिकवते, साहित्य देते, ताकद मोजते आणि मग बाजूला होते. पुढे ही पद्धत जपानभर पसरली. लोक येत राहतात त्याचं मोठं कारण गप्पा. शेजारीण दोन वेळा आली नाही तर कुणीतरी तिच्या घरी जाऊन बघतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. योग वाईट आणि खुर्चीचे व्यायाम चांगले, असं नाही. योगामुळे ज्येष्ठांचा तोल आणि हालचाल सुधारते, असं छोट्या चाचण्यांत दिसलंय. मुद्दा एवढाच की ज्यांना जमिनीवर बसून उठताच येत नाही, त्यांच्यासाठी चटईवरचा वर्ग पहिल्याच दिवशी संपतो.

गोवंडीत हे जमवायचं तर?

फार मोठा खर्च लागेल असं नाही. पण चार गोष्टी बदलाव्या लागतील.

एक, जागा महापालिकेने शोधायची. वस्तीत पालिकेच्या शाळा आहेत, समाजमंदिरं आहेत, अंगणवाड्या आहेत, आरोग्य केंद्रं आहेत. शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर एक वर्गखोली मिळाली तरी काम होतं. बंद खोलीमुळे धुराचा प्रश्नही थोडा हलका होतो, आणि बाकांवर बसून व्यायाम करता येतो.

दोन, ३० ची अट शिथिल करायची. १० जणांचा गट गल्लीत सहज जमतो. शिवाय ज्येष्ठांच्या वर्गात १० जणांकडे प्रशिक्षकाचं लक्ष राहतं, ३० जणांकडे राहत नाही.

तीन, वेळ बायकांना विचारून ठरवायची. अनेक वस्त्यांत पाणी ठरावीक वेळीच येतं. ती वेळ सकाळची असेल तर सकाळच्या वर्गाला एकही बाई येणार नाही. नमाजाच्या वेळा, नातवंडांना शाळेत सोडण्याची वेळ, दुपारी घरातले पुरुष कामावर गेल्यावरची मोकळीक, हे सगळं धरून वेळापत्रक करावं लागेल. बायकांचा वेगळा वर्ग असेल तर येणाऱ्यांची संख्या वाढेल, हेही उघड आहे.

चार, वर्ग दवाखान्याशी जोडायचा. गोवंडीत महापालिकेचं शताब्दी रुग्णालय आहे, वस्त्यांमध्ये आपला दवाखाना आहे, घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविका आहेत. महिन्यातून एकदा वर्गाच्या ठिकाणीच रक्तदाब आणि साखर तपासली, तर व्यायामाला आलेल्या माणसाचा आजारही वेळेत सापडेल.

आणि हे वर्ग वर्षभर चालायला हवेत. २१ जूनला मैदानात हजारो लोक एकत्र येतात, फोटो छान येतात. पण स्नायूंना एका दिवसाचा काही उपयोग नसतो. २०१७ मधल्या एका मोठ्या विश्लेषणानुसार तोलाला आव्हान देणारे व्यायाम आठवड्याला तीन तासांहून जास्त झाले, तर पडण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांपर्यंत घटतं. तीन तास म्हणजे रोजची पंचवीस-सव्वीस मिनिटं.

तोपर्यंत घरी काय करता येईल?

एक सोपी चाचणी आहे. जगभरचे फिजिओथेरपिस्ट ती वापरतात. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आजीला किंवा आजोबांना मधोमध बसवा, हाताची घडी छातीवर. मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि त्या वेळात हाताचा आधार न घेता किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं, ते मोजा. शेजारी कुणीतरी उभं राहा.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या तक्त्यानुसार ६५ ते ६९ वयाच्या बायकांना ११ पेक्षा कमी आणि पुरुषांना १२ पेक्षा कमी वेळा जमलं, तर पडण्याचा धोका जास्त धरतात. ७० ते ७४ वयात बायकांसाठी हा आकडा १० आहे, पुरुषांसाठी १२. हे आकडे अमेरिकेतले आहेत, त्यामुळे एक-दोनच्या फरकाने घाबरू नका. पण हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल, तर दुर्लक्षही करू नका.

ही चाचणीच व्यायामही आहे. दिवसातून दोनदा, पाच-पाच वेळा उठणं-बसणं, सुरुवातीला हाताचा आधार घेऊनसुद्धा चालेल. छातीत दुखतं, चक्कर येते, नुकतीच शस्त्रक्रिया झालीय किंवा गुडघा सुजलाय, अशांनी आधी डॉक्टरांना विचारायचं.

घरातल्या या व्यायामाला खुर्चीभर जागा लागते, आणि तेवढी २२५ चौरस फुटांतही निघते. मात्र एकट्याने सुरू केलेला व्यायाम पंधरा दिवसांत सुटतो आणि चार जणांत सुरू केलेला टिकतो. त्या चार जणांना बसायला एक खोली हवी. तुमच्या वॉर्डातली पालिकेची शाळा संध्याकाळी किती वाजता रिकामी होते, हे वॉर्ड ऑफिसमध्ये विचारून बघा. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मागणी कागदावर आली नाही, तर तुमच्या गल्लीत म्हातारी माणसं राहतात हे पालिकेच्या यादीत दिसणारच नाही.